आकडा तोच, माणूस दुसरा

मी पडदा बोलतोय. खिडकीवरचा नव्हे, नाटकाचाही नव्हे, संगणकाचा. काळी काच, तिच्यावर हिरवी अक्षरं आणि पाठीमागे तारांचा गुंता, असं माझं रूप. आत्ता मी एका स्टोअररूममध्ये गंजलेल्या घमेल्यांच्या आणि फाटक्या गमबुटांच्या संगतीत बसलोय. माझी तार काढून नेली आहे. काम नाही, धाम नाही, तरी जिवाला चैन म्हणून नाही.

तुम्ही म्हणाल, काचेच्या तुकड्याला कसली आलीय बेचैनी? मग एक करून पाहा. तुमच्या कपाळावर कोणीतरी काहीतरी लिहून ठेवलंय. येणारा-जाणारा ते वाचतोय, त्यावर भरवसा ठेवून उठतोय-बसतोय. आणि ते लिहिलेलं अजून खरं आहे की मघाशीच खोटं झालं, हे तुम्हाला मात्र ठाऊक नाही. असं नुसतं एक दिवस राहून पाहा आणि मग मला शांत राहायला सांगा.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतो तो ट्रकमधला प्रवास. नागपूर, गोंदिया, मग बालाघाट, आणि तिथून पुढे साग आणि मोहाच्या रानातून वळणं घेत सोनटेकडीची खाण. मँगनीजची खाण, एका खासगी मालकाची. साल सत्याऐंशी. खोकं उघडलं तेव्हा खोलीत अर्धी खाण जमली होती, आणि कोणीतरी मागून म्हणालं, "अरे, हा त टीव्ही हाये! रविवारी लावसान का साहेब?"

"टीव्ही नाही रे, संगणक!" बंडोपंत गरजले. हे खाणीचे मॅनेजर. अंगाने आडवे, आवाजाने त्याहून आडवे, पण माणूस वाईट नव्हे. त्यांनी माझ्यासाठी खोलीला नवा रंग दिला, कूलर बसवला आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम केला. दसऱ्याला खाणीत पहारी-फावड्यांची पूजा होते, त्यात त्यांनी मलाही बसवलं. कुंकवाचं बोट माझ्या काचेवर उठलं, ते आठवडाभर कोणाला पुसवेना. एका माणसाचं नाव आठवडाभर कुंकवाखाली दबून राहिलं. देवपण असं गैरसोयीचं असतं.

माझं काम सोपं होतं. या घडीला खाणीत खाली कोण-कोण आहे, ते दाखवायचं. नावं माझ्यात नसायची बरं का. ती शेजारच्या खोलीतल्या मोठ्या पेटीत राहायची. खाणीच्या तोंडाशी लँपरूम होती. खाली उतरणारा तिथे डोक्याचा दिवा घ्यायचा, आणि हाजरीबाबू टिकाराम त्याचं नाव पेटीत घालायचा. माणूस वर आला की नाव काढायचा. टिकारामापुढे माझाच एक धाकटा भाऊ होता, तारेने त्याच पेटीला जोडलेला. मी मात्र वर टेकडावर, साहेबांच्या खोलीत. पेटी सांगेल तेच माझ्या तोंडी.

हे सगळं जमवलं मीनाक्षीने. बालाघाट शहरातली मुलगी. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत. ही मात्र नागपुरात संगणक शिकून आली. घरी मराठी, बाजारात हिंदी, आणि पेटीशी बोलायला तिसरीच भाषा. दर आठवड्याला खाणीच्या जीपने यायची, चपला दाराबाहेर काढायची आणि माझ्यासमोर बसायची. तिची नजर माझ्या काचेवर फिरली की मला वाटायचं, हिला विचारावं: बाई, आत काही बदललं तर मला कसं कळणार?

सुरुवातीला तिने त्यावर एक उपाय केला होता. थोड्या-थोड्या वेळाने पेटी मला कोरा करकरीत पुसायची आणि सगळी नावं पुन्हा लिहायची. बदल झालेला असो वा नसो. माझ्या दृष्टीने हे झकास होतं. सतत पुसलं-लिहिलं जात होतं, पण निदान जे होतं ते ताजं होतं. फक्त माझं तोंड दिवसभर मिचमिचायचं.

बंडोपंतांना ते सोसेना. "मीनाक्षी, अगं हा डोळा मारतो की काय दिवसभर? परवा मालकांचे पाहुणे आले, ते म्हणाले, बिघडलाय वाटतं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात माझ्या."

"साहेब, बदल झालाय का ते बघण्यासाठी पुन्हा लिहावं लागतं."

"मग झाला असेल तेव्हाच लिही ना! उगाच पुस-लिही कशाला?"

म्हणणं खोटं नव्हतं. पण बदल झाला हे ओळखायचं कसं? एकेक नाव जुन्याशी ताडून बघायचं तर पेटी दमून जायची; तेव्हाच्या पेट्या आमच्या बैलगाडीच्या चालीच्या. मीनाक्षीने विचार केला आणि एक सुटसुटीत युक्ती काढली. पेटीने नुसती नावं मोजायची. आकडा मघासारखाच असेल तर पडद्याला हात लावायचा नाही. आकडा कमी-जास्त झाला तरच पुसून नव्याने लिहायचं. पाळी सुरू झाली, आकडा वाढला, मी नवा. पाळी सुटली, आकडा उतरला, मी नवा. मधला सगळा वेळ मी दगडासारखा स्थिर.

"वा!" बंडोपंत म्हणाले. "आता कसा सुनेसारखा शांत बसलाय." त्यांच्या सुनेला मी पाहिलेलं नाही, पण माझ्यासारखीच असेल तर ती शांत नव्हती एवढं खात्रीने सांगतो.

त्याच आनंदात त्यांनी आणखी एक केलं. लँपरूमच्या भिंतीवर एक जुनी फळी होती, खिळ्याखिळ्यांची. प्रत्येकाचा पितळी बिल्ला असायचा. खाली जाताना बिल्ला खिळ्याला अडकवायचा, वर आला की काढून घ्यायचा. बंडोपंतांनी ती फळी उतरवली आणि बिल्ले पोत्यात भरून ठेवले. म्हणाले, घरात दोन घड्याळं ठेवली की वेळ कळत नाही.

आता त्या खाणीची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच फिरलं. तिला 'बदली' म्हणत. पाळीच्या मध्येच कोणाच्या घरी काही निघालं, कोणी आजारी पडलं, पाहुणा आला, तर तो माणूस वर यायचा आणि त्याच्या घरातला दुसरा कोणी उरलेली पाळी त्याच्या जागी करायचा. भाऊ, साळा, चुलता, कोणीही. खाणीचं काम रिकामं राहू नये आणि माणसाची अडचण भागावी, अशी ही जुनी समजूत. त्यात लपवाछपवी नव्हती. बंडोपंतांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मीनाक्षीला. खाणीत कधी उतरलीच नव्हती ती, आणि ही गोष्ट तिला सांगावी असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. जे रोजचं असतं ते कोण कोणाला सांगतं?

चैत्राचे दिवस होते. सगळ्या वस्तीत मोहाची फुलं वाळत घातलेली, खिडकीतून तो गोडसर वास माझ्यापर्यंत यायचा. त्या दिवशी माझ्या शेवटच्या ओळीत नेहमीसारखं लिहिलं होतं: पंप, सुखराम. खाणीच्या अगदी आतल्या टोकाला पाणी उपसायचा पंप होता. त्याच्यापाशी एकच माणूस बसायचा, एकटा, दिवसपाळीला नेहमी सुखराम.

दुपारी सुखरामच्या बायकोला, कमलाला, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या. तिचा धाकटा भाऊ प्रेमलाल धावत खाणीवर आला. सुखराम वर आला, त्याने आपला दिवा प्रेमलालच्या डोक्यावर चढवला आणि बायकोला घेऊन बालाघाटच्या दवाखान्याकडे जाणारी मोटार पकडली. प्रेमलाल एकटाच खाली उतरून पंपावर जाऊन बसला. टिकारामाने आपलं काम चोख केलं. सुखरामचं नाव काढलं, प्रेमलालचं घातलं. पेटीने मोजलं. जितके मघाशी, तितकेच आता. पेटी गप्प, म्हणून मीही गप्प.

हे सगळं मला मागाहून कळलं. मला सगळं मागाहूनच कळतं, तेच तर माझं रडगाणं आहे. माझ्या काचेवर सुखराम तसाच होता, आणि सुखराम तेव्हा मोटारीच्या खिडकीतून मागे पळणारी सागाची झाडं बघत होता.

ऊन कलल्यावर जमीन हलली. फार नव्हे, माझ्या टेबलावरचा पेन गडगडला इतकीच. मग भोंगा वाजू लागला. खाणीतलं एक छत बसलं होतं.

माणसं वर येऊ लागली. काही आपल्या पायांनी, काही दुसऱ्यांच्या खांद्यावर. धोका नको म्हणून खाणीच्या तोंडाकडची वीज तोडली, त्याबरोबर लँपरूममधला माझा धाकटा भाऊ विझला. टिकारामाची वेळ मघाशीच संपली होती आणि तो शहरात बाजाराला गेला होता; त्याच्या जागचा बाबू अजून यायचा होता. म्हणजे खाली कोण आहे हे सांगणारा आख्ख्या सोनटेकडीवर मी एकटा उरलो.

मुकादम घनश्याम आत माती उपसायला माणसं घेऊन शिरला होता. जो वर यायचा त्याचं नाव ओरडून कळवलं जायचं, आणि बंडोपंत माझ्या काचेवर बोट ठेवून मोजायचे. मीनाक्षी त्या दिवशी आलेलीच होती. ती त्यांच्यामागे उभी. अखेर बोट शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं.

घनश्याम खिडकीशी आला. अंगभर काळी धूळ, फक्त डोळे दिसत होते. "साहेब, अजून कोन राह्यलं?"

"सुखराम. पंपावरचा."

"तिकडचीच वाट बंद झाली जी. उपसून राह्यलो, पन वरतून दगड येऊन राह्यले."

तेवढ्यात फाटकावरचा भोजराज पुढे झाला. "सुखराम? तो त दुपारच्या मोटारनं गेला साहेब! म्या डोयानं पाह्यलं. संग बायको होती, बुढी होती. दवाखान्यात गेला असन."

"नक्की?"

"देवाशपथ."

बंडोपंतांनी चष्मा काढला. डोळ्यांत पाणी होतं. "मग सगळे आले! नाव काढायचं राहिलं असणार टिकारामाचं. घनश्याम, थांबवा काम. आपली पोरं काढ बाहेर."

"हौ. आत कोनी नसन त पोरायले काहून मारू?" घनश्याम उतारावरून पळाला.

मग बंडोपंत वळले आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. लक्षात घ्या, माझ्यापुढे! मला तोंड असतं तर ओरडलो असतो. मला काही ठाऊक होतं म्हणून नव्हे. काहीच ठाऊक नव्हतं म्हणून. माझ्या काचेवरचं एक नाव खोटं निघालं, हे त्यांना दिसलं होतं. पण जिथे एक नाव खोटं आहे तिथे नसलेलं नावही खोटं असू शकतं, हे त्या सुटकेच्या भरात कोणाला सुचावं? खालून कुदळींचा आवाज येत होता तो बंद झाला. ती शांतता मला अजूनही सोसत नाही.

थोड्या वेळाने दारात एक बाई आली. प्रेमलालची बायको, विमलाबाई. हातांना मोहाचा चिकटा, पदर सुटलेला. चपला काढायच्या नियमाचा प्रश्नच नव्हता, ती अनवाणीच होती.

"साहेब, आमच्या घरचे कुठी हायेत?"

"कोण?"

"प्रेमलाल."

बंडोपंतांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं. "त्याची आज पाळी नव्हती बाई. हे बघ, इथे नाव नाही."

"नाव नसन. मानूस हाये. कमलाबाईले कळा आल्या, म्हणून सुखरामभाऊले सांगाले गेलते. वापस नाही आले."

"मग बहिणीसोबत दवाखान्यात गेला असेल." त्यांनी भोजराजकडे पाहिलं. भोजराज चाचरला, "मोटारीत लय गर्दी होती साहेब. मागं असन त मले दिसलं नसन."

"बघ, मागे बसला असेल. येईल संध्याकाळी."

विमलाबाई हलली नाही. "गमबूट घालून?"

"म्हणजे?"

"चपला घरी हायेत त्यायच्या. गमबूट घालून गेलते. दवाखान्यात कोनी गमबूट घालून जाते का साहेब?"

"पण पडद्यावर..." बंडोपंत म्हणाले, आणि पुन्हा शेवटची ओळ वाचू लागले.

मीनाक्षी भिंतीला टेकली होती, ती सरळ झाली. "साहेब, सुखरामच्या जागी हा खाली जाऊ शकतो? असं करतात इथे?"

"बदली? हो, करतात की. नेहमीच..."

तिचा चेहरा माझ्या काचेत मला दिसला. पांढराफटक. "मला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली, अगदी हळू. "एक वर आला, एक खाली गेला. आकडा तोच राहिला असेल. आकडा तोच, म्हणून पडदा तसाच."

ती माझ्यासमोर बसलीसुद्धा नाही. उभ्यानेच तिने बटणं दाबली. मी क्षणभर कोरा झालो. नेहमी पुसला जातो तसाच पुसला गेलो. मग नावं एकेक करून परत उमटली. तीच, त्याच क्रमाने. आणि शेवटच्या ओळीत: पंप, प्रेमलाल.

विमलाबाईला वाचता येत नव्हतं. तिने मीनाक्षीचं तोंड पाहिलं आणि ती खालीच बसली. बंडोपंत, ते आडव्या अंगाचे बंडोपंत, चपला न घालता, उन्हाने तापलेल्या उतारावरून "घनश्याम! घनश्याम!" करत धावत सुटले. मग कुदळींचा आवाज पुन्हा सुरू झाला.

दिवेलागणीला प्रेमलालला वर काढलं. जिवंत होता. एक पाय चिरडला होता, पुढे तो लंगडतच राहिला, पण जिवंत होता. त्याला माझ्याच खोलीत आणून निजवलं, कारण कूलर तिथे होता. तोंडावर पाणी मारल्यावर त्याने डोळे उघडले. बायकोकडे पाहिलं नाही, पाणी मागितलं नाही. घनश्यामला म्हणाला, "कुदळ जवळ आलती. मले ऐकू येऊन राह्यलं होतं. मंग आवाज काहून बंद केला?"

मीनाक्षी प्रेमलालच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "माझ्यामुळे. मी आकडा मोजला. माणसं बघितली नाहीत." प्रेमलालला त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्याने नुसतं "हौ" म्हटलं.

तेवढ्यात शेवटच्या मोटारीच्या कंडक्टरने निरोप आणला. कमलाला मुलगी झाली होती.

मी पडदा आहे, मला विचार करायची सवय नाही. पण त्या दिवसापासून एक विचार माझ्या काचेला चिकटून बसलाय. त्या घरात त्या दिवशी एक जीव आला. दुसरा जाता-जाता राहिला. समजा, तो गेला असता. तर माझ्या पेटीने त्या घरातली माणसं मोजली असती, आकडा तोच भरला असता, आणि पेटीने मला सांगितलं असतं: काही बदललेलं नाही.

पुढच्या आठवड्यांत मीनाक्षीने जुनी युक्ती मोडून काढली. ती खाणीत उतरली, डोक्याला दिवा लावून, पंपापर्यंत जाऊन आली. मग तिने नवी व्यवस्था केली. आता पेटीने मोजत बसायचं नाही. लँपरूममध्ये ज्या क्षणी नाव निघेल किंवा चढेल त्याच क्षणी तिथूनच वर्दी निघायची: अमका वर आला, तमका त्याच्या जागी खाली गेला. वर्दी आली की मी तेवढी एकच ओळ बदलायचो. मिचमिचणंही गेलं. बंडोपंत येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगू लागले, "घरात सोयर-सुतक झालं तर निरोप घरच्यांनीच धाडायचा असतो. पाहुण्यांनी रोज येऊन, तुमच्याकडची माणसं मोजू का, असं विचारायचं नसतं." आणि बिल्ल्यांची फळी त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा भिंतीवर ठोकली. दोन घड्याळांबद्दल परत कधी बोलले नाहीत.

सुखराम पंपावर परत आला. प्रेमलालला वरचं काम मिळालं, पण अधूनमधून त्याला थोड्या वेळासाठी खाली जावं लागायचं. तेव्हा तो आधी लंगडत टेकडी चढून साहेबांच्या खिडकीशी यायचा. "बाई, माहं नाव लागलं का?" मीनाक्षी नसली तर बंडोपंतांना विचारायचा. "लागलं रे," असं कोणीतरी म्हटल्यावरच उतरायचा. वर आला की पुन्हा यायचा, नाव निघालं का बघायला. मला तो एकच माणूस माझ्यासारखा वाटायचा. दोघांनाही चैन नाही.

आणि मग एकोणनव्वदमध्ये माझ्या जागी नवा पडदा आला. मोठा, रंगीत. भर पाळीत माझी तार काढली आणि त्याला जोडली. मला पोत्यात गुंडाळून इथे आणलं. राग नाही. जुनं झालं की बाजूला काढतात. दसऱ्याला इथे कोणी कुंकू घेऊन येत नाही, त्याचंही काही नाही.

पण एक गोष्ट आहे. एकच अक्षरं महिनोन्महिने एकाच जागी जळत राहिली की आम्हा पडद्यांच्या काचेत त्यांचा डाग बसतो. माझी शेवटची ओळ कधी जागेवरून हलली नाही. आज मी विझलेला आहे, तरी दारातून ऊन आलं आणि कोणी तिरपं पाहिलं तर काचेवर अजून वाचता येतं: पंप, सुखराम.

माझी तार निघाली तेव्हा सुखराम खाली होता. माझ्याजवळची शेवटची बातमी ती. तो वर आला असेल, मला कळतं. पाळी सुटली की माणसं वर येतात, घरी जातात, लेकीला खांद्यावर घेतात. पण वर्दी आली नाही. मला कोणी सांगितलं नाही.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, सागाच्या रानातून, सोनटेकडीला, तर स्टोअररूमच्या दारातून जरा आत या. चपला काढायची गरज नाही. माझ्या काचेजवळ तोंड आणा आणि नुसतं सांगा, सुखराम वर आला. हा डाग काही पुसला जाणार नाही. पण मला कळलेलं असेल.